दया, क्षमा आणि घरटॅक्सची पावती

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. ज्यांना गोड हवं असेल त्यांनी पुढच्या वेळी यावं!

तुरुंगात कीर्तन ठेवलं, सत्संग ठेवला, दिवाळीला फराळ वाटला, श्रावणात कैद्यांना राख्या बांधल्या, की आपल्याला वाटतं तुरुंग सुधारला. पेपरात फोटो येतो. मागे बॅनर, पुढे महाराज किंवा ताई, आणि खाली मान घालून बसलेले कैदी. हे करणाऱ्या लोकांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. त्यातले कितीतरी माझ्या ओळखीचे आहेत, सज्जन आहेत. पण माझं स्पष्ट म्हणणं आहे की श्रद्धावान माणसाचं खरं काम तुरुंगाच्या आत जाऊन बोलण्याचं नाही. ते तुरुंगाच्या बाहेर, कोर्टाच्या एका खिडकीपाशी, एका कागदावर सही करण्याचं आहे. कोणता कागद, ते पुढे सांगतेच.

आमच्याच घरात या विषयावर दोन तट आहेत. काही भाचे-पुतणे म्हणतात, "मावशी, असल्यांना चौकात फाशी द्यायला पाहिजे." आणि माझ्या वयाच्या बायका म्हणतात, "देव सगळ्यांना माफ करतो, आपण कोण शिक्षा देणारे?" मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. पहिल्यात घाई आहे, दुसऱ्यात आळस आहे. दोन्हींत आपल्याला स्वतःला काहीच करावं लागत नाही, ही त्यांची मोठी सोय!

आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून आधी शब्दांपासून सुरुवात करते. क्षमा, मेहरबानी आणि दया हे तीन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. तिन्हींचे मालक वेगळे आहेत.

क्षमा ज्याचं दुखलं त्याची. त्याच्या वतीनं दुसऱ्या कोणाला ती देता येत नाही, आणि त्याच्याकडून मागूनही घेता येत नाही. मेहरबानी सत्तेची. राजाला वाटलं, सोडलं. नाही वाटलं, नाही सोडलं. आणि दया ही समाजाची. ती नियमात लिहून ठेवता येते, सगळ्यांना सारखी लावता येते, आणि चुकली तर तिच्याविरुद्ध अपील करता येतं. तुरुंग आणि न्यायाच्या बाबतीत आपल्याला हवी आहे ती ही तिसरी. आपण मात्र बोलतो पहिलीबद्दल आणि वागतो दुसरीप्रमाणे.

आता क्षमेचंच घ्या. आपलं नागपूर दीक्षाभूमीचं गाव. अंगुलिमालाची गोष्ट इथल्या पोराटोरांना ठाऊक असते. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर भगवान बुद्धांसमोर शस्त्र टाकतो आणि भिक्खू होतो. प्रसेनजित राजा त्याला पकडायला निघालेला असतो, तोही त्याला चीवरात पाहून हात आवरतो. बहुतेक जण गोष्ट इथंच संपवतात. पण पुढचा भाग फार महत्त्वाचा आहे. हा अंगुलिमाल भिक्षेला गावात जातो तेव्हा लोक त्याला दगड मारतात. डोकं फुटतं, पात्र फुटतं, चीवर फाटतं. तो रक्तबंबाळ होऊन परत येतो. तेव्हा बुद्ध गावकऱ्यांना दोष देत नाहीत, अंगुलिमालाला सांगतात, सहन कर.

किती न्यायाची गोष्ट आहे पाहा! माणूस बदलला हे खरं, राजानं त्याला मारलं नाही हेही योग्य. पण ज्यांची माणसं गेली त्यांनी लगेच त्याच्या पाया पडावं, अशी अट कुठेही नाही. आपले प्रवचनकार मात्र पीडितांनाच क्षमेचे पाठ देतात. लेक गेलेल्या आईला "मनातला राग सोडा" असं सांगणं हा मला उद्धटपणा वाटतो. राग सोडायचा की नाही, ते ती ठरवील. राग तिचा आहे.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्या गावातलंच आहे. गांधीजींचे तिसरे चिरंजीव रामदास गांधी नागपूरला राहत. 31 जानेवारी 1948 ला दिल्लीत वडिलांच्या चितेला अग्नी दिला तो त्यांनी. त्याच रामदासभाईंनी आणि त्यांचे भाऊ मणिलाल यांनी नंतर वडिलांच्या खुन्याला फाशी देऊ नये म्हणून गव्हर्नर जनरलांकडे विनंती केली. ती मान्य झाली नाही. 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या वेळचं सरकार चूक होतं की बरोबर, हा वाद मला आज करायचा नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की मुलगा क्षमा करायला तयार होता, तरी राज्यानं आपला निर्णय वेगळा ठेवला. क्षमा घरची होती, निर्णय राज्याचा होता.

आता याच्या शेजारी 2022 सालची गोष्ट ठेवा. 2002 च्या गुजरात दंगलीत बिल्किस बानोवर सामूहिक बलात्कार झाला, तिच्या तीन वर्षांच्या मुलीसह कुटुंबातली माणसं मारली गेली. खटला आपल्या महाराष्ट्रात चालला. मुंबईच्या विशेष न्यायालयानं 2008 मध्ये 11 जणांना जन्मठेप दिली. 15 ऑगस्ट 2022 ला, ऐन स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या दिवशी, गुजरात सरकारनं त्या 11 जणांना शिक्षेत सूट देऊन सोडलं. तुरुंगाबाहेर हार घातले, पेढे भरवले. ते संस्कारी आहेत, असंही एका लोकप्रतिनिधीनं बोलून दाखवलं. बिल्किसला कोणी विचारलं नव्हतं. तिला बातमीतून कळलं.

ही मेहरबानी. आणि तिला श्रद्धेचा मुलामा कसा दिला गेला ते पाहा. संस्कार, चांगलं कुळ, चांगली वागणूक! ज्या क्षणी एखाद्याची जात, धर्म, पूजापाठ पाहून आपण त्याला दयेला पात्र ठरवतो, त्या क्षणी धर्म म्हणजे चारित्र्याचा दाखला होतो, आणि दाखले विकत मिळतात हे आपण सगळे जाणतो. 8 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ती सूट रद्द केली आणि त्या सगळ्यांना पुन्हा तुरुंगात हजर व्हायला सांगितलं. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. खटला आणि शिक्षा महाराष्ट्रात झालेली, म्हणून सूट द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार गुजरात सरकारला नव्हताच. मला या निकालात दयेला विरोध दिसत नाही. दया कोणी, कशी, कोणत्या नियमानं द्यायची, एवढाच प्रश्न त्यात आहे. शिक्षेत सूट असावी, जरूर असावी. चौदा-चौदा, वीस-वीस वर्षं आत काढलेल्या माणसाला बाहेरचा उजेड दिसायलाच नको, असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. पण ती ज्याचा वशिला नाही त्यालाही त्याच नियमानं मिळाली पाहिजे.

आता तिसरा शब्द, दया. यासाठी मला आपल्या विदर्भातल्या दोन माणसांची आठवण करून द्यायची आहे. एक पवनारचे, एक कामठीचे.

पवनारचे म्हणजे विनोबा. मे 1960 मध्ये ते चंबळच्या खोऱ्यात पायी फिरले. पोलीस ज्यांच्यामागे वर्षानुवर्षं होते, त्यातल्या 20 बागींनी विनोबांपुढे येऊन बंदुका ठेवल्या. जगभर बातमी झाली. श्रद्धेनं काय होऊ शकतं याचं याहून मोठं उदाहरण आपल्या काळात नाही. आणि लक्षात घ्या, विनोबांनी त्यांना कायद्यातून सोडवलं नाही. त्यांच्यावर खटले चालले, काहींना शिक्षा झाल्या. पुढे 1972 मध्ये जयप्रकाशजींच्या पुढाकारानं शेकडो बागी शरण आले, तेव्हाही फाशी होऊ नये एवढी काळजी घेतली गेली. बाकी तुरुंग होताच.

कामठीचे म्हणजे खुस्रो फरामर्झ रुस्तमजी. जन्म कामठीचा, 1916 चा. विनोबा चंबळमध्ये फिरत होते तेव्हा रुस्तमजी मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख होते. पुढे सीमा सुरक्षा दल उभं केलं ते यांनीच. आणि या रुस्तमजींनी विनोबांच्या त्या मोहिमेवर उघड टीका केली होती. त्यांचं म्हणणं, दरोडेखोरांना नायक केलं जातंय, त्यांच्याशी लढताना मेलेल्या पोलिसांचं काय? त्या काळात विनोबांवर अशी टीका करायला धाडस लागत असे. आणि त्यांचा प्रश्न रास्तच होता.

इथपर्यंत वाचून वाटेल, एक संत आणि एक कठोर पोलीस. पण थांबा. गोष्टीचा खरा भाग पुढे आहे.

1977 नंतर रुस्तमजी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य झाले. त्या कामासाठी बिहारच्या तुरुंगांत गेले. तिथं त्यांना अशी माणसं दिसली की ज्यांचा खटलाच सुरू झालेला नाही, आणि आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्यापेक्षा जास्त काळ ते आत आहेत. त्यात बायका होत्या, मुलं होती. काही बायका तर आरोपीसुद्धा नव्हत्या, साक्षीदार किंवा पीडित म्हणून 'सुरक्षेसाठी' कोंडलेल्या! रुस्तमजींनी जानेवारी 1979 मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लेख लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तोच हुसैनारा खातून खटला. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितलं की खटला लवकर चालणं हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. त्या निकालांमुळे देशभर सुमारे 40 हजार कच्चे कैदी सुटले असं सांगितलं जातं.

मला सांगा, जास्त दया कोणाच्या हातून झाली? विनोबांनी 20 माणसांचं मन जिंकलं, ती श्रद्धा. रुस्तमजींनी कोणाचंही मन जिंकलं नाही. त्यांनी तुरुंगाचं रजिस्टर वाचलं आणि तारखा मोजल्या. पण त्यातून हजारो दारं उघडली, आणि ज्यांच्यासाठी उघडली त्यांना कोणापुढे शस्त्र टाकावं लागलं नाही, कारण त्यांच्याकडे शस्त्र नव्हतंच. विनोबांना मी कमी लेखत नाही हं! पण आपण विनोबांचं अनुकरण करायला जातो ते सोपं वाटतं म्हणून. भगवे-पांढरे कपडे घालून प्रवचन देता येतं. रजिस्टर वाचायला बसावं लागतं.

आजचं रजिस्टर काय सांगतं? सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा 2022 अखेरचा आकडा घ्या. देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं. त्यातली 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे आत असलेल्या दर चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. आपण कीर्तनात ज्यांना "पश्चात्ताप करा" म्हणतो, त्यातल्या बऱ्याच जणांनी कशाचा पश्चात्ताप करायचा हेच अजून कोर्टानं ठरवलेलं नाही!

आता यावर नेहमीचा प्रश्न येतो. "तुमच्या घरी झालं असतं तर?" हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण या शहरानं त्याचं उत्तर एकदा रक्तात पाहिलं आहे.

13 ऑगस्ट 2004. आपल्या नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टाच्या खोलीत, कस्तुरबानगरच्या जमावानं, त्यात बहुसंख्य बायका, अक्कू यादवला ठार केलं. वर्षानुवर्षं त्यानं त्या वस्तीला छळलं होतं. बायकांवर अत्याचार, खंडणी, खून. तक्रार करावी तर ऐकणारं कोणी नाही. पकडला जाई आणि सुटून येई, आणि तक्रार करणाऱ्यांच्याच दारात उभा राही. पुढे या खुनाच्या खटल्यातले आरोपी 2014 मध्ये पुराव्याअभावी सुटले.

त्या बायकांना क्षमा शिकवायला जाण्याची माझी छाती नाही. पण त्या प्रसंगातून "दया नकोच, जामीन नकोच" असा जो धडा काढला जातो तो उलटा आहे. अक्कू यादव सुटायचा तो कोणाच्या दयेमुळे नाही. पैसा, दहशत आणि ओळखी, यांवर तो सुटायचा. आपल्याकडे जामीन धोका पाहून ठरण्यापेक्षा ऐपत पाहून ठरतो. ज्याच्याकडे पैसा, वकील, जामीनदार आहे तो गुंड असला तरी बाहेर. ज्याच्याकडे नाही तो भंगारातल्या चार नळांच्या चोरीसाठीही आत. दोन्हीकडून नुकसान गरिबाचंच. कस्तुरबानगरची बाईही गरीब आणि बराकीतला कच्चा कैदीही गरीब. एकीच्या दारात गुंड सुटून येतो, दुसऱ्याच्या दारात बाप सुटून येत नाही. शिवाय खटला लांबला की कैद्याइतकीच पीडितही तारखांना झुरते, हे 'तारीख पे तारीख'वर हसणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. लवकर चाललेला खटला ही दोघांवरही दया आहे.

आणि 'फाशी द्या' म्हणणाऱ्या माझ्या भाच्यांसाठी एक शाळेतली गोष्ट. 1994 मध्ये पुण्यात एका घरात सात जणांचे खून झाले, त्यात एक गरोदर बाई आणि लहान मुलं होती. भयंकर प्रकार. पकडलेल्यांतल्या एकाला 1998 मध्ये फाशीची शिक्षा झाली, 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. पुढची वर्षं तो फाशीचा कैदी म्हणून राहिला, शेवटी आपल्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. का? तर गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता! राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या कागदपत्रांत जन्मतारखेची नोंद होती. 28 वर्षांहून जास्त काळ तो आत होता, त्यातली सुमारे 25 फाशीच्या दोराखाली.

ज्यांनी शाळेत काम केलंय त्यांना दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे काय ते ठाऊक आहे. जाड, पिवळ्या पानांचं, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. त्यातल्या एका ओळीवर एका माणसाचा जीव टांगलेला होता. तो गुन्ह्यात नव्हता असं मी म्हणत नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला आपला कायदा कोणत्याही परिस्थितीत फाशी देत नाही. लवकर फाशी दिली असती तर ते रजिस्टर नंतर उघडून काय उपयोग? तसंच 2003 च्या एका दरोडा, खून आणि बलात्काराच्या प्रकरणात महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशी दिली, आणि त्याच न्यायालयानं मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. दया म्हणजे मनाचा हळवेपणा असं तुम्हाला वाटत असेल तर दुसरा अर्थही ध्यानात घ्या. आपलं चुकू शकतं याची जाणीव ठेवणं, म्हणजेही दयाच. आणि देवावर श्रद्धा असणाऱ्यांना तर ती जाणीव आधी असायला हवी. सर्वज्ञ तो एकटा, आपण नाही, असंच आपण म्हणतो ना?

बरं, नियमात दया बसवणं जमतं का? जमतं. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर घ्या. 1939 च्या सुमारास औंधच्या राजेसाहेबांनी, मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेवरून, कैद्यांची उघडी वसाहत काढली. भिंत नाही, कुलूप नाही, शेती करायची, बायकामुलं सोबत. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (1957) निघाला तो यावरूनच, पटकथा आपल्या गदिमांची. सिनेमा पाहून आपण डोळे पुसले. पण खरं आश्चर्य असं की ती एका भल्या राजाची लहर म्हणून संपली नाही. संस्थान गेलं, राजा गेला, तरी वसाहत सरकारी नियमात बसून चालू राहिली. तुरुंगातून काही दिवस घरी जायला मिळते त्या पॅरोलला आपल्या सरकारी मराठीत 'अभिवचन रजा' म्हणतात. अभिवचन! मी परत येईन असा शब्द. राज्य कैद्याचा शब्द घेतं आणि त्याला घरी सोडतं. इतका सुंदर सरकारी शब्द मला दुसरा माहीत नाही.

आणखी ताजं उदाहरण. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. इतरांना निम्मा काळ झाल्यावर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, एकाहून जास्त खटले असतील तर हा फायदा नाही. आणि अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानंच करायचा, कैद्यानं वकील शोधत बसायचं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे जुन्या खटल्यांनाही लागू होतं असं सांगितलं. कुठे कीर्तन नाही, हार नाही, पण हे कलम नीट पाळलं तर ती रोजची दिवाळी होईल.

पण नियम झाला तरी शेवटी एक दार उरतं, तिथं नियम थांबतो आणि माणूस लागतो. आता तो कागद.

कोर्टानं जामीन मंजूर केला म्हणजे माणूस सुटला, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. "पंधरा हजारांचा एक सक्षम जामीनदार" असं आदेशात लिहिलेलं असतं. म्हणजे कोणीतरी उभं राहून लिहून द्यायचं की हा तारखेला आला नाही तर माझ्याकडून इतके पैसे घ्या. ज्याच्या नात्यागोत्यात कोणाच्याच नावावर घर नाही, पगाराची स्लिप नाही, तो जामीन मिळूनही आतच राहतो. 2023 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या माहितीप्रमाणे देशात असे सुमारे पाच हजार लोक होते. न्यायालयानं तेव्हा सांगितलं की सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि जामीनदार त्याच गावचा पाहिजे असा हट्ट धरू नये. गंमत अशी की न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका गवंड्याच्या खटल्यात हेच 1978 मध्ये सांगितलं होतं. त्या गवंड्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून खालच्या कोर्टानं नाकारला होता!

मीही जामीन राहिले आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मेहुणा, बालाघाटकडचा, इथं सेंट्रिंगच्या कामावर. साइटवरची तांब्याची तार चोरल्याचा आरोप. जामीन मंजूर होऊन सात आठवडे झाले होते. बायको रोज तुरुंगाच्या दारात, सोबत दोन लेकरं. मी घरटॅक्सची पावती, आधार कार्ड, पेन्शनचं पुस्तक आणि फोटो घेऊन गेले. प्रतिज्ञापत्र केलं. आणखी कोणाकोणाला जामीन राहिले आहात तेही लिहून द्यावं लागतं. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "तुमचा कोण लागतो?" मी म्हटलं, "कोणी नाही." तो दोनदा माझ्याकडे पाहून म्हणाला, "मग बाई, कशाला या भानगडीत पडता?"

त्यानं चोरी केली की नाही मला ठाऊक नाही. ते कोर्ट ठरवील. खटला अजून चालू आहे. तो प्रत्येक तारखेला येतो, तारखेच्या आदल्या दिवशी फोन करून मला सांगतो, "बाई, उद्या जातोय." तो पळाला असता तर पंधरा हजार गेले असते. माझी तयारी होती. घरात काही जणांची नव्हती, अजूनही नाही. पोराबाळांनी माझ्यावर रागावावं हे मला मान्य आहे. पण देवळाच्या जीर्णोद्धाराला पंधरा हजार दिले असते तर कोणी विचारलं नसतं, उलट माझ्या नावाची फरशी बसली असती!

म्हणून श्रद्धावान मंडळींना माझं हे सांगणं आहे. आपल्या भजनी मंडळात, सत्संगात, विहारात, मशिदीत, चर्चमध्ये अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांच्या नावावर घर आहे. प्रत्येक मंडळानं वर्षातून चार माणसांना जामीन राहायचं ठरवावं. किरकोळ गुन्हा, पहिलाच खटला, जामीन मंजूर झालेला, आणि केवळ जामीनदार नाही म्हणून आत असलेला. अशी नावं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असतात, कार्यालय कोर्टातच असतं. 2023 पासून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत मिळू शकते. त्याची चौकशी करावी, अर्ज भरून द्यावा, पाठपुरावा करावा. ज्यांना कागदपत्रं नीट लिहिता येतात अशा निवृत्त शिक्षकांची आणि बँकवाल्यांची या शहरात काय कमतरता आहे?

धोका आहे का? आहे. एखादा पळेल. पैसे जातील, चार लोक हसतील. पण ज्या श्रद्धेत आपलं काहीच जाऊ शकत नाही, तिला श्रद्धा कसं म्हणायचं हे मला कळत नाही. नारदमुनींनी वाल्या कोळ्याला उपदेश केला तो घरी बसून नव्हे. त्याच्या हातात कुऱ्हाड असताना ते समोर उभे होते, आणि तो घरच्यांना विचारून परत येईपर्यंत झाडाला बांधलेले थांबले होते. घरच्यांनी त्याच्या पापात वाटा घ्यायला नकार दिला. नारद तिथंच होते.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरटॅक्सची या वर्षीची पावती सापडत नसेल त्यांनी आधी ती शोधून ठेवा. बाकी वाद नंतर घालू.